न कापलेला अंदाज

जगातली प्रत्येक भिंत दोनदा उभी राहते, एकदा अंदाजात आणि एकदा जमिनीवर. यांपैकी अंदाजातली भिंत नेहमी ओळंब्यात असते, तिला ओल येत नाही, तिच्यावर कुणी खिळे ठोकत नाही आणि ती ठरलेल्या दिवशी पूर्ण होते. जमिनीवरच्या भिंतीबद्दल यातलं काहीच छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून शहाण्या माणसाला भिंतींच्या धंद्यात पडायचंच असेल तर त्याने अंदाजाच्या बाजूने पडावं, असं माझं अभ्यासपूर्ण मत आहे (अभ्यास सहा महिन्यांचा, मत त्याच्या आधीचं). होतकरू तरुणांना मार्गदर्शन व्हावं या शुद्ध हेतूने मी माझ्या पहिल्या प्रकल्पाची हकीकत इथे देत आहे.

'वीटकामाचा अंदाज व प्रकल्प व्यवस्थापन' अशा भारदस्त नावाचा अभ्यासक्रम मी पुरा केला तेव्हा घरात आनंदाचं वातावरण होतं, पण आनंद नेमका कशाचा हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आई शेजारणींना सांगायची, तो विटा मोजतो. मी तिला समजावलं की मोजतो तो कारकून, मी अंदाज करतो. त्यावर पेपरामागून बाबा म्हणाले, "म्हणजे न मोजता सांगतो." सहा महिन्यांत आमच्या एकाही प्राध्यापकाला या विषयाची इतकी सुटसुटीत व्याख्या जमली नव्हती. बाबांनी ती चिडून केली होती ही गोष्ट वेगळी.

नोकरी पहिल्याच मुलाखतीत लागली. साहेबांनी विटांबद्दल अवाक्षर काढलं नाही. राहायला कुठे, असं विचारलं. मी म्हणालो, ऑफिसच्या मागच्याच गल्लीत. मग सकाळी यायला किती वेळ लागेल, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी क्षणभर विचार करून म्हणालो, "तास-दीड तास धरा." साहेबांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या आधीच्या उमेदवाराने म्हणे खरा वेळ सांगितला होता. हुशार मुलगा होता, पण त्याला दुसरं क्षेत्र बघावं लागलं.

ऑफिस दोन खोल्यांचं होतं. एका खोलीत साहेब बसत आणि दुसऱ्या खोलीत बाकीची कंपनी. टेबलावर एक जुना कॅल्क्युलेटर होता. त्याचं गुणाकाराचं बटण बोटं लागून लागून गुळगुळीत झालं होतं, आणि वजाबाकीचं बटण दुकानातून आणलं तसं कोरं करकरीत होतं. माझे वरिष्ठ, म्हणजे कंपनीचे मुख्य इस्टिमेटर, यांना सगळे 'धरूनचाला' म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होई. धरून चाला की पाऊस येणार नाही. धरून चाला की गवंडी येईल. धरून चाला की दोघेही आले. त्यांच्या लग्नाची बोलणीसुद्धा त्यांनी याच शब्दांनी केली होती आणि मुलीकडच्यांनी बरंच काही धरून चालल्यामुळेच ते जमलं, असं मुकादम सांगायचा. माणूस मात्र मायाळू होता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्वतःचा अर्धा चहा दिला (अर्धा म्हणजे त्यांच्या सांगण्यानुसार अर्धा).

आता कंपनीच्या कार्यपद्धतीविषयी. समजा एका भिंतीला खरोखर हजार विटा लागणार आहेत. गवंडी सांगतो दीड हजार, कारण काही फुटतात, काही तिरक्या निघतात आणि काहींवर बसून त्याला डबा खायचा असतो. मुकादम ते ऐकून अडीच हजार सांगतो, कारण ऑफिस कापतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं. शिकाऊ इस्टिमेटर, म्हणजे अस्मादिक, तीन हजार लिहितो, कारण नव्या माणसाच्या कामात विटा कमी पडल्या तर त्याच्या सात पिढ्यांची नाचक्की होते. धरूनचाला त्याचे चार हजार करतात, कारण तीन हा आकडा त्यांना ओकाबोका वाटतो. मग कागद साहेबांकडे जातो. साहेब तो वाचत नाहीत. ते लाल पेन काढतात, आकड्याला चाराने भागतात आणि सही ठोकतात. उरतात हजार, म्हणजे लागणार होत्या बरोब्बर तेवढ्याच.

या पद्धतीचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. हिच्यात कुणी कुणाला फसवत नाही, कारण कुणी कुणावर विश्वासच ठेवत नाही. विटांना जो नियम तोच दिवसांना, सिमेंटला आणि आजारपणाच्या रजेला. मी स्वतः केलेल्या पाहणीत असं आढळलं की आमच्या शंभरातल्या ब्याण्णव भिंती मुदतीत पुऱ्या होतात. मुदत तेवढी भिंत झाल्यावर ठरवलेली असते. उरलेल्या आठ भिंतींची पाहणी अजून पुरी व्हायची आहे.

अशा सुखाच्या दिवसांत एक दिवस ताई ऑफिसात आली.

ताईच्या सासरी दोनच खोल्या. आतल्या खोलीत सासू-सासरे, बाहेरच्या खोलीत ताई आणि मेहुणे, आणि न्हाणीघर अंगणात. त्यामुळे पहाटेपासून सगळं घर यांच्या अंथरुणाच्या कडेकडेने न्हाणीघराकडे जायचं. सासरे फार सौजन्यशील, ते प्रत्येक फेरीला "झोपा, झोपा, मीच आहे" असं मोठ्याने सांगत जायचे. आता ताईला दिवस गेले होते. घरामागे एका खोलीपुरती मोकळी जागा होती, तीन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती आणि चौथ्या बाजूला यांचं अंगण. ताईने पर्समधून घडी केलेला कागद काढला. त्यावर तिने पेन्सिलीने एक चौकोन काढला होता आणि चौकोनात एक पाळणा.

"मला दवाखान्यातून बाळाला घेऊन थेट माझ्या खोलीत यायचंय," ती म्हणाली. "दार लावता येईल अशा खोलीत. दुसरं काही नको."

लहानपणी माझ्या वाटचा मार या ताईने खाल्ला आहे. मी तिला तिथल्या तिथे शब्द दिला. शब्द देताना तो मी वाढवून दिला की नेमका, हे मात्र भावनेच्या भरात पाहायचं राहून गेलं.

प्रकल्प व्यवस्थापनात पहिली पायरी म्हणजे काम कधी हवं ते ठरवणं. इथे तर तारीख साक्षात डॉक्टरांनी दिलेली होती. पण डॉक्टरांनी ती ताईला सांगितली, आणि ताईने सासूबाईंना त्याच्या पंधरा दिवस अलीकडची सांगितली, म्हणजे घागरी उचलणं तेवढं लवकर थांबेल. सासूबाईंनी मुलाला एक महिना आणखी अलीकडची सांगितली, कारण त्यांच्या मते त्यांचा मुलगा गळ्याशी आल्याशिवाय हलत नाही. मेहुण्यांनी मला त्याच्याही महिनाभर अलीकडची सांगितली, कारण बांधकामवाले उशीर करणार हे शेंबडं पोरही जाणतं. मी प्रशिक्षित माणूस. मेहुणे वाढवून बोलताहेत हे मी चेहऱ्यावरून ओळखलं आणि अनुभवी हाताने चार महिने पुढे ढकलले. माझ्या तक्त्यात बाळ त्यामुळे डॉक्टरांच्या तारखेनंतर बऱ्याच दिवसांनी, सवडीने, जन्माला येत होतं. तक्ता दिसायला फार देखणा होता. बाळाची पट्टी मी गुलाबी केली होती.

विटांचा अंदाजही शास्त्रानुसार वाढत गेला. खोलीला लागणार होत्या चार हजार. गवंडी, मुकादम, मी आणि धरूनचाला अशा चार हातांतून जाऊन त्या सोळा हजार झाल्या आणि कागद साहेबांपुढे गेला. साहेबांनी लाल पेनाचं टोपण काढलं. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. त्या दिवशी त्यांना परगावी भाचीच्या लग्नाला जायचं होतं आणि ते कधी नव्हे ते प्रसन्न होते.

"बहिणीची खोली ना?" ते म्हणाले. "तुझं पहिलं काम, त्यात घरचं. याला मी कात्री लावणार नाही."

त्यांनी टोपण पुन्हा लावलं, निळ्या पेनाने सही केली, माझ्या पाठीवर थाप मारली आणि दोन-चार दिवसांत येतो म्हणून ते निघून गेले. धरूनचालांच्या हातातला कप हवेतच राहिला. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी साहेबांना कुणावर विश्वास ठेवताना पाहिलं नव्हतं. खिडकीबाहेर बघत ते हलक्या आवाजात म्हणाले, "धरून चाला की आपण मेलो."

साहेबांच्या सहीच्या कागदात बदल फक्त साहेब करू शकत. म्हणून ट्रक आले. एकामागून एक येतच राहिले. साहेबांनी प्रथमच न कापता मागणी पाठवली हे पाहून भट्टीवाल्याला इतकं भरून आलं की त्याने आपल्या पदरच्या हजार विटा वर घातल्या. रस्त्यावर विटा ठेवायला मनाई होती, अंगणात सासऱ्यांनी खुर्ची टाकलेली होती (त्यांना विटा उतरताना बघायच्या होत्या), म्हणून मजुरांनी घरामागच्या मोकळ्या जागेत थप्पी लावायला घेतली. थप्पी इकडून तिकडे भिंतीला भिडली आणि मग वर चढू लागली. कमरेपर्यंत आली, खांद्यापर्यंत आली, मुकादमाच्या डोक्यावरून गेली आणि शेवटची वीट ठेवली तेव्हा तिच्यावर हात पुरेना. चारी कोपरे काटकोनात. इतकं सुबक काम आमच्या कंपनीने त्याआधी केलं नव्हतं.

संध्याकाळी ताईचा फोन आला. ती माहेरी एक दिवस राहून नुकतीच सासरी परतली होती आणि मागच्या खिडकीतून तिने बघितलं होतं. एका दिवसात खोली उभी केलीस, ती म्हणाली, आणि आम्ही तुला घरात नावं ठेवत होतो. मग तिने विचारलं, "पण दार कुठल्या बाजूला काढलंयस रे?"

दुसऱ्या दिवशी अंगणात प्रकल्प आढावा बैठक झाली. गवंडी म्हणाला, भिंत बांधू कुठे, जागेवर विटा आहेत. मी म्हणालो, मग विटा वापर म्हणजे जागा होईल. तो म्हणाला, वापरतो, पण भिंत कुठे बांधू? हा मुद्दा पुष्कळ वेळ चर्चिला गेला आणि दोन्ही बाजूंना तो पटल्यामुळे पुढे सरकेना. विटा दुसरीकडे हलवाव्यात तर हलवण्याच्या कामाचा वेगळा अंदाज, आणि त्यावर साहेबांची सही. भट्टीवाल्याने परत घ्याव्यात असं सुचवलं तर त्याने दोन दिवस आमच्याशी बोलणं टाकलं. त्या विटा तुमच्या ऑफिसात नेऊन ठेवा, अशी सूचना सासूबाईंनी केली. ती बैठकीतली एकमेव व्यवहार्य सूचना होती, सबब ती सर्वानुमते फेटाळण्यात आली.

शिवाय एक नियम आड येत होता. आमच्याकडे विटा मोजतात त्या थप्पीवरून. बाहेरून टेप लावायचा, लांबी, रुंदी, उंची घ्यायची, गुणाकार करायचा. साहेब आल्यावर स्वतः थप्पी मोजणार होते आणि तोवर तिच्या मापात बोटभर फरक पडता कामा नये, असा धरूनचालांचा हुकूम होता.

मग दिवस जात राहिले. साहेबांचे दोन-चार दिवस कंपनीच्या रीतीप्रमाणे फुगत चालले. गवंडी रोज वेळेवर येई, थप्पीला टेकून बसे आणि हजेरी लावून जाई. मी दर आठवड्याला प्रगतीचा अहवाल पाठवत असे. त्यात विटा आणण्याचं काम अपेक्षेच्या चौपट झालं होतं, दाराचं काम शून्य होतं, आणि सरासरी काढली तर एकूण प्रकल्प दुपटीने पुढे होता. अहवाल वाचून मलाच धीर येई.

एका दुपारी ताईने मला बोलावून घेतलं. ती बाहेरच्या खोलीत कॉटवर बसली होती. पाय सुजले होते. आम्ही बोलत असताना सासरे दोनदा "बोला, बोला, मीच आहे" म्हणत मधून गेले. ते गेल्यावर ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "आयुष्यात एकदा तरी न वाढवता सांग. होईल का रे खोली?"

मला एकदम रडू आलं. मी म्हणालो, "मला माहीत नाही, ताई."

"म्हणजे थोडंफार तरी माहीत असेलच," ती म्हणाली.

दोष तिचा नव्हता. इतकी वर्षं माझं बोलणं ती कापूनच घेत आली होती, आता हात आपोआप चालला. मग तिने मला जवळ ओढलं आणि डॉक्टरांनी सांगितलेली खरी तारीख कानात सांगितली. पुढचा आठवडा. मी सवयीने ओठ हलवून त्यात काही महिने मिळवायला लागलो, तेव्हा तिने सरळ माझा कान पिरगाळला. "वाढवू नकोस, कापू नकोस. पुढचा आठवडा म्हणजे पुढचाच आठवडा."

मी कान चोळत ऑफिसकडे धावलो. ताईच्या घरापासून ऑफिस फार लांब नाही, पण त्या दिवशी मला खरोखर तास-दीड तास लागल्यासारखं वाटलं. धरूनचालांना सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. कपाळावर आठ्या आल्या, गेल्या, पुन्हा आल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"धरून चाला," ते म्हणाले, "की आतल्या विटा नाहीतच."

मला कळेना. त्यांनी शांतपणे उलगडून सांगितलं. साहेब थप्पी मोजणार बाहेरून. बाहेरच्या विटा जागेवर असल्या म्हणजे माप बरोबर आलं. आतल्या विटा आजवर कुणी पाहिल्या आहेत? त्या असल्या काय, नसल्या काय. आणि थप्पीच्या आत विटा नसतील तर तिथे जे उरतं त्याला, त्यांनी विचारलं, तू शाळेत काय म्हणायला शिकलास?

बांधकामाच्या इतिहासात खोली भिंती घालून करतात. आम्ही ती विटा काढून करायला घेतली. गवंड्याला शिडीने थप्पीवर चढवलं आणि त्याने वरून मधोमध खोदायला सुरुवात केली. कडेच्या विटा तो एकेक उचली, खाली माल थापी आणि तीच वीट तिथेच पुन्हा बसवी (याची नोंद मी पाडकाम आणि बांधकाम अशा दोन्ही रकान्यांत केली). मधल्या विटा शेजाऱ्यांच्या भिंतींवरून पलीकडे जाऊ लागल्या. दोन-तीन दिवसांत गल्लीतल्या प्रत्येक घराला नवी पायरी आली, झाडांना आळी आली, एका आजोबांना तर दारात बसायला कट्टा मिळाला. कागदावर त्या सगळ्या विटा अजून थप्पीतच आहेत आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. थप्पी भिजू नये म्हणून आम्ही वरून पत्रे टाकले. थप्पीवर पत्रे टाकायला सही लागत नाही. छत टाकायला लागते.

गवंडी आता आत दिसेनासा झाला होता. नुसता थापीचा आवाज यायचा आणि मधूनच तो काहीतरी गुणगुणायचा. ताई खिडकीत बसून ऐकत राहायची. सासूबाईंनी दवाखान्याची पिशवी फार पूर्वीच भरली होती, मग बाळ आलं नाही म्हणून सोडली होती, ती पुन्हा भरायला घेतली. मेहुण्यांचा मात्र या धावपळीवर विश्वास बसेना. आम्ही सगळे वाढवून बोलतोय अशी त्यांची खात्री होती आणि ते निवांतपणे कामावर जात होते.

शेवटी आतून गवंड्याची हाक आली. खोली झाली होती, गिलावासुद्धा झाला होता. त्याचा एवढाच प्रश्न होता की आता बाहेर कुठून यायचं. शिडी बाहेर होती, वर पत्रे होते आणि थप्पीला दार नसतं. दार काढावं तर तेवढ्या विटा बाहेरून कमी दिसणार. मी डोकं धरून बसलो. पण आमच्या शास्त्रात यालाही उपाय आहे. भिंतीत ठेवलेलं भोक ठरावीक मापाहून लहान असेल तर ते हिशोबातून वजा करत नाहीत, म्हणजे ते नाहीच असं मानतात. हे ठरावीक माप किती, यावर पुस्तकांत मतभेद नाही, पण धरूनचालांनी तो निर्माण केला. त्यांनी गवंड्याच्या खांद्यांचा अंदाज घेतला, सासूबाईंकडे एक नजर टाकली आणि छातीएवढ्या उंचीचं दार हिशोबात नाही असं धरून चालायला परवानगी दिली. त्यातून गवंडी वाकून बाहेर आला तेव्हा अंगणात टाळ्या पडल्या.

बाळ डॉक्टरांच्या तारखेला आलं. त्याच तारखेला, त्याच दिवशी. त्याला आमच्या पद्धतीची अजून ओळख नव्हती. त्यामुळे घरात एकच हलकल्लोळ उडाला. मेहुणे फोनवर "अरे पण आजच कसं?" असं चारचारदा विचारत होते. सासरे एका पायात चप्पल घालून रिक्षा शोधत होते. भरलेली पिशवी घरीच राहिली आणि गडबडीत विटांच्या मोजमापाचा टेप दवाखान्यात पोचला. मुलगी झाली. काळंभोर जावळ, मुठी आवळलेल्या, आणि रडणं असं की वॉर्डातल्या नर्सने मागे वळून पाहावं.

ताई बाळाला घेऊन घरी आली ती अंगणातून थेट थप्पीकडे गेली. भिंती हातभर जाड, आत एक कॉट, एक पाळणा आणि ताईला वळता येईल एवढी जागा. ती वाकली, आत गेली आणि तिने दार लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. सासरे न्हाणीघराकडे निघाले होते, ते थांबून उगीच म्हणाले, "झोपा, झोपा." पण भिंतींमधून ते आत गेलं नाही. सासूबाई नातीला बघायला आत शिरल्या तेव्हा त्यांनाही सुनेच्या दारात वाकावं लागलं. लग्न झाल्यापासून ताई पहिल्यांदाच पोट धरून हसली.

नेमके त्याच वेळी साहेब अंगणात हजर झाले. त्यांच्या अंगावर अजून लग्नातला कोट होता. त्यांनी कुणाकडे न बघता टेप मागितला. एक टोक मी धरलं, दुसरं धरूनचालांनी. लांबी घेतली, रुंदी घेतली, काठीने उंची घेतली. साहेबांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि मान डोलावली. एक वीट कमी नव्हती. तेवढ्यात थप्पीच्या पोटातून बाळाने टाहो फोडला.

साहेबांनी टेप गुंडाळला. थप्पीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "हा आवाज अंदाजात धरला होता का?"

"धरला होता, साहेब," धरूनचाला म्हणाले. "किरकोळमध्ये."

साहेबांनी निळं पेन काढून सही केली. अशा रीतीने एकही वीट न वापरता, मुदतीत आणि बहिणीच्या समाधानाने, मी माझा पहिला प्रकल्प पूर्ण केला. महिन्याभरात मला प्रकल्प व्यवस्थापक करण्यात आलं. कंपनीने आता सगळी कामं याच पद्धतीने घ्यायचं ठरवलं आहे, आधी भरपूर मागवायचं आणि मग त्यातून माणसं राहतील एवढं काढून टाकायचं. ताईची मुलगी रांगायला लागली आहे. त्या दारातून जाताना वाकावं लागत नाही अशी घरात सध्या ती एकटीच.

वाचकहो, तुम्ही यातलं पाऊण खोटं म्हणून कापणार हे मी गृहीत धरलं होतं आणि तेवढं आधीच वाढवून लिहिलं आहे, तेव्हा हिशोब चुकता झाला. मला नावं ठेवायचा अधिकार मात्र तुम्हाला नाही. सकाळी घरातून निघताना तुम्ही येण्याची जी वेळ सांगितलीत, ती आठवा. ती कुणी ऐकून घेतली आणि कुणी मनातल्या मनात त्यात दोन तास मिळवले, हेही तुम्हाला माहीत आहे. खात्री करायची असेल तर आज एकदा सांगितल्या वेळेवर घरी जा. दार उघडणारं माणूस आधी घड्याळाकडे बघेल, मग तुमच्याकडे, आणि घाबरून विचारेल, "काय झालं? बरं नाही का वाटत?"